आमची वाटचाल: बोहरी आळीचा दोर आणि एकवीस दिवसांची गॅरंटी

बरेच जण विचारतात कुत्र्यांना शिकवायचा धंदा कसा उभा केला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. २०१३ ला मी आणि मामांनी सुरुवात केली. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, डॉग स्क्वॉडमधून रिटायर झालेले हवालदार, आमच्या गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. एका जुन्या स्प्लेंडरवर पुणंभर घरोघरी फिरायचो. भांडवल काय, तर बोहरी आळीतून आणलेला पंधरा फुटी सुती दोर, दोन क्लिकर (कुत्र्याने बरोबर केलं की टक् वाजवायची छोटी डबी) आणि कमरेला उकडलेल्या चिकनची पिशवी. दोर अजून आहे. नायलॉनचा घेऊ नका, हिसका बसला की तळहात सोलून निघतो, माझा निघालाय.

मामा आधी चोक चेनवाले, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, त्यांना तसंच शिकवलेलं. वर्षभर भांडलो. मग एक दिवस त्यांनीच चेन खुंटीला टांगली आणि म्हणाले, "बाळा, चिकन स्वस्त पडतं."

पुढची पाच-सहा वर्षं कुत्री आली, शिकली, गेली.

मग लॉकडाऊन. ज्याला त्याला पिल्लू हवं. ही पिल्लं दीड-दोन वर्षं घरात एक मिनिट एकटी राहिली नाहीत, आणि ऑफिसं उघडल्यावर दार बंद झालं की रडणं, दरवाजा कुरतडणं, सोफा फाडणं सुरू. खरं तर आमचे सुगीचे दिवस यायला हवे होते. पण नेमका तेव्हाच एक जण उगवला, नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. एकवीस दिवसांत कुत्रा सरळ, नाहीतर पैसे परत! कुत्रा गावाबाहेर शेडवर न्यायचा, गळ्यात रिमोटचा शॉक कॉलर, आणि बाविसाव्या दिवशी पुतळ्यासारखं बसलेलं कुत्रं घरपोच. वेल्समध्ये या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे, आपल्याकडे कोणीही मागवतं. मी म्हणायचो दोन-तीन महिने लागतील आणि मेहनत तुम्हालाच करायची आहे, मग कोण थांबतंय. चौदा केसेसवरून तीनवर आलो. त्यात ज्या पोराला पट्टा धरण्यापासून शिकवलं तो आमची व्हॉट्सॲप लिस्ट घेऊन तिकडेच गेला, मामांची बायपास त्याच महिन्यात, आणि मी संध्याकाळी एका पेट शॉपच्या काउंटरला उभा.

उरलेल्या तिघांत कर्वेनगरच्या काकू. त्यांचा बीगल गुंड्या, एकटा ठेवला की अख्खी बिल्डिंग डोक्यावर घ्यायचा, सोसायटीचं पत्र आलेलं. काकूंना म्हणलं, आधी फक्त किल्ली उचला आणि परत बसा. दिवसातून वीसेक वेळा. किल्लीचा आवाज झाला तरी गुंड्या मान वर करेना, मग चप्पल घालून परत बसा. मग दार लावून दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं. काकांचा जुना मोबाईल चप्पलच्या कपाटावर व्हिडिओ कॉल लावून ठेवलेला आणि काकू खाली पार्किंगमध्ये स्क्रीनवर डोळे लावून उभ्या, गुंड्या जांभया द्यायला लागला (झोपेच्या नव्हे, अस्वस्थपणाच्या) की लगेच वर, रडायला लागायच्या आत. वॉचमन म्हणायचा काकूंना झालंय काय. अडीच महिने लागले. त्यानंतर काकूंनी सहा महिन्यांची फी आगाऊ दिली. मी नको नको म्हणतोय तर म्हणाल्या, "उपकार नाहीयेत, काम करून घेणारे मी." ती फी नसती तर हे लिहायला मी नव्हतो.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, बेल वाजली की भुंकणाऱ्यांसाठी. बेल फोनवर रेकॉर्ड करा, एकदम बारीक आवाजात वाजवा आणि लगेच चिकन. भुंकला तर आवाज जास्त होता, कमी करा. आणि अंगावर उड्या मारतो म्हणून दुर्लक्ष करायला लागलात तर पहिले काही दिवस जास्तच मारेल, तिथेच लोक हार मानतात आणि घरातले आजोबा हळूच बिस्कीट देतात. आजोबांना आवरा!

असो. २०२३ ला फोन आला, बाणेरहून, शेडवर जाऊन आलेला जर्मन शेफर्ड. मानेवर दोन बाजूंना केस गेलेले, आत जखमा. गुरगुरला की शॉक, म्हणून गुरगुरणं बंद झालं होतं, भीती तशीच होती, आणि एक दिवस न गुरगुरता थेट पाहुण्याचा हात. घरचे म्हणे अचानक चावला. अचानक कसला, सूचना देणारी घंटाच काढून टाकलेली.

मामा तेव्हा परत यायला लागले होते. आम्ही दोघं हॉलमध्ये खाली बसायचो, तो डायनिंग टेबलखाली, नजर द्यायची नाही, दर थोड्या वेळाने त्याच्या दिशेने एक तुकडा टाकायचा. बाकी काही नाही. घरमालक घड्याळ बघायचा, याचे पैसे घेतात म्हणून. नवव्या दिवशी मी जरा पुढे सरकलो तर टेबलखालून बारीक गुर्रर्र आलं. मालक पांढराफटक. मी जागच्या जागी थांबून मागे सरकलो, आणि मामा भिंतीला टेकूनच म्हणाले, "साहेब, पेढे आणा, गुरगुरला!"