मागचा डावा कोपरा रात्रीतून बसायचा

दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचं म्हणजे जायचंच, मला घोडेबाजार बघायचा असतो आणि आईला एकमुखी दत्ताचं दर्शन. यावेळी घरगाडी घेऊन गेलो, म्हणजे जुन्या एअर सस्पेन्शनवाल्या (स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी बलूनवर उभ्या राहणाऱ्या) बसची आम्ही बनवलेली, आत ओटा, बेसिन, दोन पलंग. रात्री तापीच्या काठच्या मैदानात चारही कोपरे स्विचनं वरखाली करून गाडी एकदम लेव्हलला आणली आणि झोपलो. पहाटे आईनं चहाचं पातेलं ठेवलं तर चहा एका कडेला आलेला. बेसिनमधलं पाणी जाईना, दार आपोआप उघडायला लागलं. मागचा डावा कोपरा बसलेला.

परत आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी खाली वाकून एक नजर टाकली आणि सांगितलं की सहाच्या सहा बलून बदला. पुढं दोन, मागं चार, खर्च विचारून मी घरी आलो. माझं मत स्पष्ट आहे, गळती कुठं आहे ते डोळ्यानं बघितल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

आमच्या गल्लीत एक नाना आहेत, सगळं आयुष्य बसच्या हवेच्या लाईनवर काम केलेले. त्यांनी पहिलं काय केलं तर टेप घेतला, चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या कमानीपर्यंत चारही कोपऱ्यांचं माप संध्याकाळी घेतलं आणि सकाळी परत घेतलं. तीन कोपरे साधारण १० मिमी खाली, मागचा डावा ४५. मी म्हटलं म्हणजे सगळीकडंच गळतंय, तर ते म्हणाले नाही, दुपारी ३० डिग्री आणि पहाटे १० असेल तर हवाच आकसते, टाकीचा काटासुद्धा ८ बारवरून ७.४ च्या आसपास येतो एकही भोक नसताना. सगळे सारखे बसले तर ती थंडी, एकच जास्त बसला तर ती गळती. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती दिवस वाचले असते.

मग गाडी सरकू नये म्हणून चाकांना ओट लावले, चेसिसखाली चार मजबूत घोड्या, म्हणजे टेकूचे स्टँड दिले. हे लिहितोय कारण बलूनमधली हवा अचानक गेली तर अख्खी गाडी खाली येते, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही आत शिरू नका, हात जोडून सांगतो.

इंजिन बंद, पंखा बंद, सगळे गप्प. भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी ब्रशनं बलूनच्या घडीवर लावलं, कारण रबर फाटतं ते बहुतेक तिथंच, जिथं ते खालच्या पिस्टनवर दुमडतं. काही नाही. मग पाईपच्या जोडावर लावलं आणि नाना अहिराणीत म्हणाले, "दादा, पाय, आठेच हवा निंघी ऱ्हायनी," म्हणजे बघ, इथूनच हवा निघतेय. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. हवा सोडून पाईप काढला तर टोक हॅक्सॉनं तिरकं कापलेलं आणि बाहेरून उभा ओरखडा, नेमका तिथं जिथं फिटिंगमधली ओ-रिंग, हवा अडवणारी रबरी कडी, बसते. ओरखड्याच्या पुढून कटरनं सरळ कापला, आत किती जायला हवा तिथं पेनानं खूण केली आणि खुणेपर्यंत दाबून बसवला.

मला वाटलं झालं. सकाळी तरी तोच कोपरा २५ मिमी खाली.

आता टाकीचा काटा जागेवर आणि कोपरा मात्र बसतोय, म्हणजे गळती सोलेनॉइडच्या (स्विचनं उघडणाऱ्या विजेच्या वाल्वच्या) पलीकडं, बलूनच्या बाजूला. हवा सोडायच्या सोलेनॉइडच्या तोंडावर साबणाचा पडदा धरला, एकच बुडबुडा हळूहळू फुगत गेला, लिंबाएवढा होऊन फुटला. उघडून बघितलं तर वाल्वच्या सीटवर, म्हणजे वाल्व जिथं टेकून बंद होतो तिथं, टेफलॉन टेपची पांढरी चिंधी, नखाएवढी. मागं कुणीतरी पुश फिटिंगच्या, म्हणजे नुसत्या दाबून बसणाऱ्या जोडाच्या, पाईपला टेप गुंडाळली होती, तिचे तुकडे हवेबरोबर आत आले. टेप आटे असलेल्या जोडाला, तिथंही पहिले एकदोन आटे सोडून, आणि पुश फिटिंगला तर अजिबात नाही!

चिंधी काढली, सीट सुती फडक्यानं पुसली. टाकीचा ड्रेन उघडला तर तपकिरी तेलकट पाणी आलं, वाटीभर तरी, म्हणून हवेतलं पाणी शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज नवं टाकलं, नाहीतर तेच पाणी सगळ्या वाल्वमध्ये फिरत राहिलं असतं.

काल सकाळी मापं घेतली, चारही कोपरे ८ ते १० मिमीच्या आत. आई आत चहा करत होती, मी बाहेरूनच विचारलं, पातेलं सरळ आहे का, तर म्हणाली हो रे भाऊ, ये आता प्यायला. पुढच्या लेव्हलिंग वाल्वच्या, म्हणजे गाडीची उंची राखणाऱ्या वाल्वच्या, दांडीचा बॉल जॉइंट मात्र ढिला लागलाय, तो रविवारी धुळ्याहून आणायचा आहे.