पित्तनलिका तपकिरी, यकृतपेशी कोऱ्या
मानेतल्या लसिकाग्रंथीची कोअर बायॉप्सी होती, म्हणजे जाड सुईने काढलेला ऊतीचा बारीक दंडगोल. एच अँड ई या नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगाच्या स्लाइडवर बेढब केंद्रकांच्या मोठमोठ्या पेशी, त्यांच्या मांडणीला आकार कसलाच नाही. कार्सिनोमा (एपिथेलियमचा, म्हणजे अस्तर आणि ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग), लिम्फोमा (लिम्फोसाइट्सचा) की मेलानोमा (रंगद्रव्य पेशींचा)? ठरावीक प्रथिनाला चिकटून तिथे तपकिरी रंग उमटवणाऱ्या अँटिबॉडींपैकी पहिल्या फळीत तीन लावल्या: कार्सिनोमासाठी एई१/एई३ ही पॅन-केरॅटिन (अनेक केरॅटिन प्रथिनं एकत्र ओळखणारी), लिम्फोमासाठी सीडी४५ आणि मेलानोमासाठी एस-१००. तिन्ही निगेटिव्ह.

सीडी४५ आणि एस-१०० वर माझा भरवसा होता. त्याच सेक्शनमधल्या (ऊतीच्या पातळ कापातल्या) साध्या लिम्फोसाइट्सच्या कडा सीडी४५ने तपकिरी झाल्या होत्या, एस-१०० ने डेंड्रायटिक पेशी उठून दिसत होत्या. रंग चढला होता, गाठीच्या पेशींनी तो घेतला नव्हता. केरॅटिनचं तसं नव्हतं. लसिकाग्रंथीत एपिथेलियम नसतं. काही जाळीदार पेशींत केरॅटिन ८ आणि १८ असतं, पण त्यांच्यावर कंट्रोल म्हणून, म्हणजे रंग चढल्याची खात्री देणारा नमुना म्हणून, विसंबता येत नाही. वेगळ्या कंट्रोल स्लाइडवर मोठं आतडं होतं, तेही गडद तपकिरी. मला खटकलं ते हेच. आतड्याच्या एपिथेलियममध्ये केरॅटिन इतकं ठासून असतं की रंगवण्याचं काम अर्धवट झालं तरी ते रंगतं.

पुढचं पाऊल सीडी३०, एएलके, सीडी१३८ असं ठरत होतं, म्हणजे सीडी४५ न घेणाऱ्या लिम्फोमांचा शोध. पण कोअर बारीक, आणि प्रत्येक सेक्शनबरोबर ब्लॉक (मेणात बसवलेली ऊती) संपत जातो. म्हणून आधी रुग्णाच्या ऊतीला हात न लावता यकृताचा एक सेक्शन त्याच पद्धतीने रंगवला. पित्तनलिका गडद तपकिरी, भोवतालच्या यकृतपेशी मात्र हेमॅटॉक्सिलिन या रंगाने निळ्या झालेल्या केंद्रकांसह साफ कोऱ्या. यकृतपेशींत केरॅटिन असतं, पण कमी. रंग नीट चढला असेल तर त्यांच्या कडेने तपकिरी रेघ दिसायलाच हवी.

अँटिबॉडी तीच, तिचं विरलीकरण तेच, तिची मुदतही शिल्लक. मग रिट्रीव्हल तपासलं, म्हणजे गरम बफरमध्ये स्लाइड ठेवून फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं उघडी करण्याची पायरी. वॉटर बाथचा आकडा ९७ अंश दाखवत होता, पण जारमधल्या बफरमध्ये थर्मामीटर बुडवला तर ८४. जार थंड बफरसकट बाथमध्ये ठेवला जात होता आणि २० मिनिटं तेव्हापासूनच मोजली जात होती. फॉर्मॅलिनने प्रथिनांत घातलेले आडवे बंध तेवढ्या उष्णतेने पुरते सुटत नाहीत, एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी चिकटते ती जागा, झाकलेलाच राहतो.

पुन्हा केलं ते असं: ३ मायक्रॉनचे सेक्शन चार्ज्ड (ऊती घट्ट धरणाऱ्या) स्लाइडवर, ६० अंशांवर तासभर, मग ट्रिस-ईडीटीए हे पीएच ९चं बफर, आधीच ९७ अंशांवर आलेलं, त्यात २० मिनिटं, मग तेवढाच वेळ जारमध्येच थंड होऊ दिलं. कढत बफरमधून स्लाइड थेट बाहेर काढली तर सेक्शन सुटतो किंवा कडा सुकतात, आणि सुकलेल्या कडेवर खोटा तपकिरी रंग बसतो. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, अँटिबॉडी ३० मिनिटं, तिला पकडणारं एन्झाइमयुक्त पॉलिमर ३० मिनिटं, तपकिरी रंग देणारं डॅब ५ मिनिटं. यकृताचा तुकडा या वेळी त्याच स्लाइडवर, रुग्णाच्या सेक्शनशेजारी.

यकृतपेशींच्या कडा उमटल्या. गाठीच्या पेशींचा सायटोप्लाझम सलग तपकिरी झाला, केंद्रकं स्वच्छ निळी. लिम्फोमाचं पॅनल रद्द केलं. वाचलेल्या सेक्शनांवर, गाठ मूळ कुठली ते शोधायला लावलेल्यांपैकी, सीके७ (एक केरॅटिन) आणि टीटीएफ-१ (फुप्फुस आणि थायरॉइडच्या पेशींतलं प्रथिन) पॉझिटिव्ह आले, सीके२० (आतड्यात आढळणारं केरॅटिन) आणि थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडचं प्रथिन) निगेटिव्ह. फुप्फुसातून पसरलेला अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) असण्याची दाट शक्यता, छातीचा सीटी पाहावा, असा रिपोर्ट गेला. त्या जारमधून गेलेल्या बाकीच्या केरॅटिन-निगेटिव्ह स्लाइड्सही काढून पुन्हा रंगवायला घेतल्या.