अपडेट १४: लाइट गेली की घड्याळ मागे जातं

सापडलं! लाइट जाऊन आली की कधीकधी माझ्या राउटरवरून घरचं नेट सुरूच व्हायचं नाही. जुलैपासून छळणाऱ्या या दुखण्याचं मूळ काल, गुरुवारी १३ नोव्हेंबरच्या रात्री पावणेबाराला सापडलं. ते पेनड्राइव्हमध्ये नव्हतं, मेमरीत नव्हतं आणि कंटेनरच्या नेटवर्कमध्येही नव्हतं. अपडेट ११ आणि १३ मध्ये मी पेनड्राइव्ह आणि मेमरीवर ठामपणे जो दोष ठेवला होता तो सगळा मागे घेतो. कुणी माझं बघून वीस सेकंदांची थांबा-स्क्रिप्ट (पेनड्राइव्ह जोडला जाईपर्यंत थांबणारी) लावली असेल तर काढून टाका, तिचा काही उपयोग नाही.

सेटअप तोच आहे. नेट देणाऱ्या कंपनीचा ओएनटी (फायबरचा डबा) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता पुलासारखा, त्यामागे माझा पांढरा डबा, म्हणजे राउटर: चार कोअरचा एआरएम, २५६ एमबी रॅम, ३२ एमबी फ्लॅश. त्यावर प्रपलओएस (ओपनडब्ल्यूआरटीवर उभी असलेली राउटरची प्रणाली) आणि कंटेनर, म्हणजे ॲपच्या बंद पेट्या, ठेवायला यूएसबीचा पेनड्राइव्ह. (टर्रिस ओम्निया राउटरवाल्यांनो, तुमच्या ८ जीबी ईएमएमसी साठवणीचा मला अजूनही हेवा वाटतो.) ॲप एकच, अनबाउंडचा कंटेनर. घरातल्या सगळ्या डीएनएस विचारणा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं, राउटरवरचा डीएनएसमास्क त्याच्याकडे पाठवतो आणि तो त्या टीएलएसमध्ये, म्हणजे कुलूपबंद जोडणीत, गुंडाळून माझ्या भाड्याच्या सर्व्हरकडे नेतो. कंटेनरची इमेज, म्हणजे ॲपचं पॅकेज, अल्पाइन या चिमुकल्या लिनक्सवर नव्याने बांधली आणि ती ९ एमबीवर आली, याचा आनंद मी दोन दिवस उपभोगला. बसल्या जागी ॲप २२ एमबी रॅम खातं. या डब्याला ते झेपतं.

इन्स्टॉल करणं तर आता हाताचा मळ झालंय. इन्स्टॉलडीयू म्हणायचं, इमेजचा पत्ता आणि यूयूआयडी (ॲपची ओळखखूण) द्यायचा, की प्रपलओएसमधला तिमिंगिला तो हुकूम घेतो, रल्याकडून इमेज उतरवून घेतो आणि कथुलूकडून कंटेनर उभा करतो. बाकीची दोन नावं लवक्राफ्टच्या भयकथांतली, पण तिमिंगिल आपला! देवमाशालाही गिळणारा पुराणातला मासा. पहिल्यांदा सोर्समध्ये ते नाव वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आमच्याकडे बऱ्याच गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. लाइट आली की कधी नेट सुरळीत सुरू व्हायचं, कधी अजिबात नाही. १० जुलैला काही झालं नाही. १७ जुलैला सगळं घर बंद, आईचा ऑनलाइन भजनाचा वर्ग बुडाला. तेव्हा तुमच्यापैकी दोघांनी पेनड्राइव्हवर संशय घेतला आणि मलाही तो पटला, कारण यूएसबी उशिरा माउंट होतो हे खरंच आहे. त्या रात्री थांबा-स्क्रिप्ट लिहिली, पाच वेळा रीबूट केलं, पाचही वेळा नेट आलं. विजयाची पोस्ट लिहिली. ऑगस्टमध्ये तीनदा लाइट गेली, तिन्ही वेळा डबा नीट उठला. मग १८ सप्टेंबरला पुन्हा तेच. या वेळी मेमरीची मर्यादा ४८ वरून ६४ एमबी केली, रीबूट केलं, नेट आलं, पुन्हा पोस्ट. आणि काल तिसऱ्यांदा!

काल एकच पथ्य पाळलं. कशालाही हात लावायचा नाही, फक्त बघायचं. आधी डेटा मॉडेल पाहिलं, म्हणजे टीआर-१८१, राउटरची अवस्था मांडायचा प्रमाण आराखडा. एक्झिक्यूशन युनिटचं, म्हणजे चालू ॲपचं, स्टेटस ॲक्टिव्ह, फॉल्ट कोड नोफॉल्ट. म्हणजे टीआर-१८१ च्या मते सगळं ठणठणीत, आणि घरात एकही पान उघडत नाही. मग हाताने सर्व्हरशी टीएलएस जोडणी करून पाहिली. उत्तर आलं की सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. मुदत संपली असं नाही, अजून सुरूच झालेली नाही! ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि मग डब्याला तारीख विचारली.

डबा म्हणाला, १८ सप्टेंबर.

या डब्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. घरगुती राउटरांत ते सहसा नसतंच. लाइट गेली की वेळ विसरली. मग बूट होताना ओपनडब्ल्यूआरटीची सिसफिक्सटाइम ही छोटी स्क्रिप्ट सेटिंग ठेवणाऱ्या ईटीसी फोल्डरमधल्या फाइली चाळते, सगळ्यात नव्या फाइलची तारीख घेते आणि घड्याळ तिथे लावते. १९७० मध्ये जाऊन पडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण याचा अर्थ असा की डब्यासाठी ‘आज’ म्हणजे मी सेटिंगला शेवटचा हात लावला तो दिवस.

आता तारखा लावून बघा. माझ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, ९० दिवसांचं. सर्व्हरवरचा सर्टबॉट ते मुदतीच्या ३० दिवस आधी, म्हणजे दर ६० दिवसांनी, नवं करून घेतो. नवी सर्टिफिकेटं आली १४ जुलै, १२ सप्टेंबर आणि ११ नोव्हेंबरला. मी ईटीसीत शेवटचा बदल केला होता ३ जुलैला. १० जुलैला लाइट गेली तेव्हा डबा ३ जुलैत उठला, सर्टिफिकेट जुनंच होतं, चाललं. १७ जुलैला डबा पुन्हा ३ जुलैतच उठला, पण समोर १४ तारखेचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याच्या दृष्टीने भविष्यातलं. नकार.

आणि यातला सगळ्यात छळणारा भाग पुढे आहे. त्या रात्री मी स्क्रिप्ट लॅपटॉपवर लिहून तिथल्या तारखेसकट डब्यावर टाकली. ती फाइल ईटीसीत. टाकताच सगळ्यात नव्या फाइलची तारीख १७ जुलै झाली आणि पुढच्या बूटला घड्याळ बरोबर पुढे आलं. स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय याला काडीचं महत्त्व नव्हतं. मेमरीच्या बदलाचंही तेच. मी त्या फाइलमध्ये एक रिकामी ओळ घातली असती तरी दुरुस्ती झाली असती! चार महिने मी जो जो उपाय केला तो लागू पडला, कारण उपाय लिहिणं हाच उपाय होता. आणि दोन महिन्यांनी सर्टिफिकेट बदललं की तो संपायचा.

पण मग वेळ आणणाऱ्या एनटीपीने घड्याळ का सुधारलं नाही? कारण मीच गाठ मारून ठेवली होती. एनटीपीला सर्व्हरचं नाव सोडवून हवं. नाव सोडवणार अनबाउंड. अनबाउंडला हवं टीएलएस. टीएलएसला हवी बरोबर वेळ. आणि वेळ आणणार एनटीपी. कंटेनर लावण्याआधी राउटर कंपनीच्या डीएनएसला साधं विचारत होता, म्हणून मागे पडलेलं घड्याळ अर्ध्या मिनिटात जागेवर यायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. डीएनएसमास्कमध्ये एक अपवाद, की एनटीपीच्या पूलची नावं अनबाउंडकडे न पाठवता थेट कंपनीच्या डीएनएसला विचारायची. खरा प्रश्न चाचणीचा होता, कारण ही ओळ सेव्ह केली की तारीख पुन्हा पुढे जाणार आणि मी पुन्हा फसणार. म्हणून बदललेल्या फाइलची तारीख हाताने मागे नेऊन १८ सप्टेंबर केली आणि सरळ प्लग काढला. असं सात वेळा. सातही वेळा डबा सप्टेंबरात उठला, साधारण ४० सेकंदांत नोव्हेंबरात आला आणि मग अनबाउंड स्वतःच सावरला. सातव्या वेळी मी खुर्चीतून उठून घरभर एक फेरी मारली. सगळे झोपले होते, सांगायला कुणी नव्हतं.

एक कमकुवत जागा राहते ती कबूल करतो. वेळ आता साध्या, न गुंडाळलेल्या विचारणेवर अवलंबून आहे, कुणी मध्ये बसून खोटी वेळ देऊ शकतो. एनटीएस, म्हणजे एनटीपीचं सुरक्षित रूप, लावावं तर त्याची सुरुवातच टीएलएस १.३ ने होते, म्हणजे पुन्हा घड्याळ. डीएनएसच्या उत्तरांवर सह्या करणाऱ्या डीएनएससेकलाही हीच अडचण, म्हणून तर डीएनएसमास्कमध्ये शेवटची वेळ फाइलवर जपणारा वेगळा पर्याय आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांना हा फेरा आधीच भेटलेला दिसतो.

इथवर माझ्या घराचं झालं. पण आपण हा खटाटोप ज्यासाठी करतोय, की कुणीही ॲप लिहावं आणि ते कुठल्याही कंपनीच्या राउटरवर तसंच चालावं, त्याचं काय? डीएनएसमास्कमधला अपवाद मी स्वतःच्या हाताने केला. ॲपच्या पॅकेजमध्ये तो जात नाही. ज्याला एसएसएच म्हणजे काय ठाऊक नाही, त्याच्या घरी माझं ॲप लाइट जाऊन आल्यावर नेट बंद पाडेल, आणि कंपनीच्या पडद्यावर ॲक्टिव्ह, नोफॉल्टच दिसत राहील. प्रोसेस जिवंत आहे की नाही एवढंच स्टेटसमधून कळतं. ती कामाची आहे का, हे विचारायला जागाच नाही. मी इमेज बांधताना हेल्थचेक (ॲप खरंच काम करतंय का ही तपासणी) लिहिला होता, पण इमेज बांधणारा पॉडमन ती ओसीआय या प्रमाण स्वरूपात बांधतो आणि त्या स्वरूपात हेल्थचेकला स्थान नाही. बांधताना तशी सूचना आली होती, मी वाचली नाही. डॉकरच्या स्वरूपात बांधली असती तरी ती तपासणी चालवणारं डब्यावर कुणी नाही. माझ्या मते या प्रमाण आराखड्यात आज सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, कंटेनर किती एमबी खातो यापेक्षा कितीतरी मोठी.

रनलेव्हल, म्हणजे ॲप कधी सुरू व्हायचं ते ठरवणारी पातळी, आहे, ते मी विसरलेलो नाही. ऑटोस्टार्ट चालू असेल आणि एक्झेकएन्व्हची, म्हणजे ॲप चालवणाऱ्या वातावरणाची, चालू पातळी ॲपच्या पातळीइतकी किंवा वर असेल तरच ॲप आपोआप सुरू होतं. पण ‘वेळ जुळल्यावर पातळी वाढव’ हे कुणीतरी बाहेरून सांगायला हवं.

म्हणून या अपडेटच्या शेवटी लिहिणार होतो की पुढचं काम डीएस३२३१, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाची चिप, डब्याला जोडणं. पुण्याच्या तापकीर गल्लीतून मॉड्यूल आणूनही ठेवलंय. चिप उत्तम आहे, ० ते ४० अंशांत २ पीपीएम (दहा लाखांत दोन) एवढीच चूक, वर्षाला जेमतेम मिनिटाचा फरक. मॉड्यूलबद्दल मात्र सावध करतो. बाजारात मिळणाऱ्या निळ्या पाटीवर सेल चार्ज करणारा डायोड आणि रोध असतो. तो रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी. तिथे साधा सीआर२०३२ घालून ५ व्होल्ट दिले तर न चार्ज होणारा सेल चार्ज व्हायला लागतो. तो रोध आधी उपसून काढा. दुकानदाराने मला त्याच पिशवीत सीआर२०३२ घालून दिला होता.

पण वरचा रनलेव्हलचा परिच्छेद लिहितानाच दुसरं सुचलं, आणि सोल्डरिंग आता मागे टाकतोय. यूएसपी (राउटर दुरून सांभाळायची प्रमाण भाषा) १.३ पासून डब्यावरचं ॲप युनिक्स सॉकेटवरून थेट डब्यावरच्या एजंटशी बोलू शकतं. मग माझ्या ॲपनेच का विचारू नये? टीआर-१८१ मध्ये डिव्हाइस.टाइम.स्टेटस आहेच. सुरू झाल्यावर ॲपने ते वाचायचं. अनसिंक्रोनाइज्ड असेल तोवर विचारणा कंपनीच्या डीएनएसला साध्याच पुढे द्यायच्या, सिंक्रोनाइज्ड झालं की टीएलएसवर जायचं. बदलाची वर्दी मागून ठेवली की सारखं विचारावंही लागत नाही. डीएनएसमास्कमधला अपवाद नको, घड्याळ नको, आणि कुठल्याही कंपनीच्या डब्यावर तेच पॅकेज. पहिली ४० सेकंदं घराच्या विचारणा उघड्यावर जातील. मला ते चालेल. ज्यांना चालणार नाही त्यांच्यासाठी एक सेटिंग ठेवेन.

परवानगीही एवढीच मागायची, टाइमखालचं वाचायची, लिहायची नाही. इन्स्टॉल करतानाच ॲपला कोणत्या भूमिका लागतील हे सांगायची सोय आहे, ती मला फार आवडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ७५४७ पोर्टवरच्या हल्ल्याने जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली होती. तो पोर्ट टीआर-०६९ चा, म्हणजे कंपनीने राउटर दुरून सांभाळायच्या जुन्या पद्धतीचा. राउटरवर परक्याचं ॲप घेताना ग्राहकाच्या मनात ती भीती असणारच, आणि तिला उत्तर म्हणून ‘हे ॲप फक्त घड्याळ बघू शकतं’ असं छातीठोक सांगता यायला हवं.

तुमची एक मदत हवी. माझ्या डब्यावर प्लग लावल्यापासून वेळ येईपर्यंत स्टेटस अनसिंक्रोनाइज्डच राहतं, मी सातपैकी चार वेळा तपासलं. पण फाइलवरून लावलेल्या वेळेलाच एखादा डबा सिंक्रोनाइज्ड म्हणत असेल, तर वरची सगळी कल्पना बारगळते. ओम्नियावाल्यांनी आणि ज्यांच्याकडे आरडीके-बी (दुसरी राउटर प्रणाली) चा डबा आहे त्यांनी एकदा सरळ प्लग काढून, लावून, पहिल्या मिनिटात ती एक ओळ वाचा आणि काय आलं ते कळवा. त्याआधी ईटीसीत काही सेव्ह करू नका. आणि घरच्यांचं काही चालू नसेल अशी वेळ बघा.