एचएफची बाटली हाती येईपर्यंत

सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्टमध्ये जवळपास निम्मी सिलिका असते. ॲसिडमध्ये ती विरघळवायची तर नायट्रिक, हायड्रोक्लोरिक काही कामाचं नाही; हायड्रोफ्लोरिकच लागतं. लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं एचएफ म्हणतात. माझ्या पीएचडीचे नमुने घाटातलेच, त्यामुळे एचएफ टाळण्याचा प्रश्नच नव्हता.

मॅडमनी आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवली: "हे लागलेलं कळत नाही, म्हणून दुखायची वाट बघायची नाही." सल्फ्युरिक अंगावर पडलं तर तिथल्या तिथे आग होते. एचएफ मात्र पाण्यात फारसं विलग होत नाही, म्हणजे त्याचे रेणू फारसे फुटत नाहीत, म्हणून पुस्तकात ते सौम्य ॲसिड. पण त्याच कारणामुळे त्याचे अखंड रेणू कातडीतून खोल उतरतात आणि आत गेलेलं फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम पकडतं. ॲसिड 20 टक्क्यांहून पातळ असेल तर ठणका लागायला 24 तासही जाऊ शकतात. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. जास्त टक्क्यांचं एचएफ तळहाताएवढ्या जागेवर सांडलं तरी जिवावर बेतू शकतं.

म्हणून बाटलीआधी मलम. 2.5 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, तारीख तपासून, एक ट्यूब लॅबमध्ये आणि एक माझ्या घरी, कारण दुखणं रात्री सुरू होऊ शकतं. ॲसिड लागलंच तर कपडे काढून पाच मिनिटं धो धो पाणी, मग हातमोजे घालूनच जेल चोळत राहायचं आणि थेट दवाखाना. जवळच्या रुग्णालयालाही आधीच कळवून ठेवलं होतं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं; एचएफचा रुग्ण रोज येत नाही.

मग शाई घातलेल्या पाण्यावर तालीम. जाड निओप्रीनचे हातमोजे, एप्रन, फेस शील्ड, शेजारी दुसरं माणूस. काम संपल्यावर मनगटाच्या घडीत बारीक निळा ठिपका दिसला, आणि तालीम कशासाठी असते ते कळलं. ठिपका पडेनासा झाला तेव्हाच खरी बाटली मिळाली.

खऱ्या कामात काचेचं काहीही नाही, कारण एचएफ काच खातं. टेफ्लॉनच्या कुपीत चिमूटभर पूड, त्यावर फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, एचएफ आणि नायट्रिक, झाकण घट्ट, रात्रभर हॉटप्लेटवर. दुसऱ्या दिवशी झाकण काढून आटवलं की सिलिका सिलिकॉन टेट्राफ्लोराइडच्या वायुरूपात निघून जाते. तळाशी राहतो पांढरट थर. बेसाल्टमध्ये कॅल्शियम भरपूर, आणि फ्लोराइड दगडातलं कॅल्शियमही तसंच धरून बसतं. तो थर मोडायला नायट्रिक घालून पुन्हा पुन्हा आटवावं लागतं. इथे घाई केली तर काही मूलद्रव्यं थरातच अडकून आकडे चुकतात. शेवटी द्रावण नितळ झालं की नमुना मोजणीला तयार.

उरलेलं ॲसिड बेसिनमध्ये ओतायचं नाही. प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात, लेबल लावून, आणि नंतर चुन्याच्या निवळीत हळूहळू. तिथेही फ्लोराइडला कॅल्शियमच मिळतं आणि पांढरा साका खाली बसतो.