रिंगा नव्हेत, पिस्टन

सोयाबीनची मळणी उरकली होती आणि हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होती. जिंतूरकडच्या एका काकांचं तीन सिलिंडरचं जुनं ट्रॅक्टर. "मिस्त्री, लई धूर टाकायलंय, अन् ठोके बी हाणायलंय." रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, गेल्या, असं गावाने आधीच ठरवून टाकलं होतं.

मी चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण काढलं. रिंगा सगळीकडे झिजल्या असतील तर तिथून धूर सलग निघतो. इथे तो ठेक्यात फुसफुसत होता, म्हणजे दुखणं एकाच सिलिंडरचं. मग नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. पहिल्या आणि तिसऱ्याला इंजिन अडखळलं. दुसऱ्याला मात्र अडखळणं नाही, उलट ठोकाच बंद! तिथेच नोझलचा संशय आला.

सिलिंडरमधला दाब मोजायला गेज लावलं: कडेचे दोन २५ बारच्या आसपास, मधला जेमतेम ११. त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चढला असता. तो हललाच नाही. व्हॉल्व्ह म्हणावा, तर त्याची गळती मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवेच्या नाहीतर धुराच्या नळीत, जाते, ऑइलच्या झाकणातून येत नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवायच्या आधीच सांगितलं, "काका, पिस्टन गेलाय."

तसंच निघालं. माथ्याची एक कड मेणासारखी वितळून पहिल्या रिंगेच्या खाचेपर्यंत उतरली होती.

"बोअर-पिस्टन टाका अन् जोडा, वापसा जायलाय," काका म्हणाले. मला ते पटेना. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि आतली ज्वाला २००० अंशांच्या वर. तरी पिस्टन वर्षानुवर्षं टिकतो, कारण ज्वाला क्षणभराची असते आणि उष्णता रिंगांतून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला, तिथून पाण्यात जाते. डिझेल एकाच जागी आदळून जळत राहिलं की हे गणित मोडतं.

नोझल टेस्टरवर चढवला. दाब पुरता भरायच्या आधीच टोकाला थेंब, आणि उघडल्यावर बारीक फवाऱ्याऐवजी सरळ धार. या नोझलखाली नवा पिस्टनही जळाला असता. काकांनी हँडल स्वतः दाबून पाहिलं. "तिन्ही बदला," म्हणाले.

इंजिनच्या तळातल्या चेंबरमधल्या ऑइललाही डिझेलचा वास होता, म्हणून बेअरिंग तपासून ऑइल बदललं. नव्या पिस्टनवर जोर नको, रोटाव्हेटर काही दिवस लावू नका, असं बजावून ट्रॅक्टर पेरणीला दिलं.