येऊरच्या पाड्यावरची नोंदवही

येऊरला पावसाळ्यात ठाणेकरांची रीघ लागते. पण या जंगलाबद्दल तिथल्या वारली पाड्यांना जे ठाऊक आहे, ते कुठे लिहून ठेवलंय का? आम्ही काही जण त्यासाठीच लोक जैवविविधता नोंदवहीच्या कामाला लागलो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत असो की महानगरपालिका, प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि लोकांशी बोलून ही नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. त्यात येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं, म्हणजे आत शिरायला वनखात्याची परवानगी हवीच.

अर्ज, टिपण, सोबत येणाऱ्यांची नावं, मग या टेबलावरून त्या टेबलावर. हेलपाटे झाले, पण ते निभावलं. खरा प्रश्न पाड्यावरच्या पहिल्या बैठकीत आला. एका आजींनी विचारलं, "ताई, तुम्ही लिहून नेणार, मग आमचं औषध दुसराच कोणी विकणार ना?"

आजींची शंका रास्तच होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं: वनस्पतीचं नाव लिहायचं, औषध कसं करायचं ते नाही. आणि पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय एकही पान पक्कं करायचं नाही. मला विचाराल तर सगळ्या कामाचा पाया हाच.

पुढचं वेळापत्रक ऋतूंनी ठरवलं. पहिल्या पावसाबरोबर शेवळं ही रानभाजी आली. आजींच्या पडवीत बसून मी लिहीत होते. त्या वरचं आवरण सोलून आतला पिवळा भाग काढून टाकत होत्या, कारण तो खाजतो. भाजीत काकडं ही आंबट रानफळं घालायची तीही घसा खाजू नये म्हणून. "कोंब तेवढा घ्यायचा, कंद नाही. पुढच्या वर्षी काय खाशील?" नोंदवहीच्या छापील रकान्यात याला 'उपयोग: भाजी' एवढीच जागा होती. आम्ही पुरवणी पानं जोडली.

कारवी या डोंगरातल्या झुडपाचं पान सगळ्यात लांबलं. ती आठव्या वर्षी फुलते आणि मग वाळते. इकडच्या डोंगरांवर २०१६ नंतर २०२४ ला बहर आला. तिच्या काठ्यांची भिंत म्हणजे कूड, त्यावर शेणमाती, आणि लग्नात त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, म्हणजे लग्नाचं चित्र. आता घरं विटांची झाली. जंगल राखायचं तर काठी तोडता येत नाही, हे पाड्यालाही पटतं. पण कूड बांधणारे हात म्हातारे झालेत, म्हणून त्यांच्याकडून बांधणीची एकेक पायरी लिहून घेतली.

वाघोबाला तर रकानाच नव्हता. बिबट्याच्या रानात राहणाऱ्यांचा हा देव वगळून या जंगलाची नोंद कशी पुरी होणार? शेवटी भूप्रदेशाच्या भागात, नकाशावर त्याची जागा दाखवून घातला.

वाचन ठेवलं वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर. पूजा झाल्यावर पोरींनी पानं वाचली, म्हाताऱ्यांनी मध्येच थांबवून नावं दुरुस्त केली, दोन नोंदी काढूनही टाकायला लावल्या. तेवढं दुरुस्त करून नोंदवही समितीकडे दिली आणि एक प्रत पाड्यावर ठेवली. करटोली, कुरडू, भारंगी या रानभाज्या अजून नीट लिहायच्या आहेत. येत्या पावसाळ्यात ती पानं पाड्यावरच्या पोरीच लिहिणार आहेत.