बूम स्टँड घ्यायचाय? आधी मागची बाजू बघा

गेल्या महिन्यात तीन जणांनी मला एकच विचारलं, दादा बूम स्टँड कोणता घेऊ, आणि तिघांनीही पुढं हेच विचारलं की किती फूट उंच जातो. बूम म्हणजे उभ्या स्टँडवर आडवा बसवलेला लांब दांडा, त्याच्या टोकाला फोटोचा लाईट लावतात. मी पण पहिला घेतला तेव्हा हेच बघितलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं काम जास्त करून चादरी आणि टॉवेलचे फोटो काढायचं. सोलापुरात हे काम भरपूर आहे, पूर्व भागातले कारखानदार आता स्वतः ऑनलाईन विकायला लागलेत आणि त्यांना फोटो लागतात. इथल्या चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय 2005 साली, तरी सोलापुरी नावानं दुसरीकडचा माल सर्रास विकला जातो, त्यामुळं अस्सल मालवाल्याचं म्हणणं एकच असतं की फोटोत वीण दिसली पाहिजे. जॅकार्डवर (नक्षी विणायच्या मागावर) विणलेला मोर कॅमेऱ्याच्या बाजूनं लाईट मारून काढला तर छापल्यासारखा सपाट दिसतो. टॉवेलचं तर त्याहून वाईट, त्याच्यावरचे सुताचे बारीक फासे सगळे एकमेकांत मिसळून जातात आणि टॉवेल पुठ्ठ्यासारखा दिसतो. तोच लाईट वरून, टेबलाच्या पलीकडच्या कडेकडं थोडा सरकवून आणला की प्रत्येक फाशाची बारीकशी सावली आपल्याकडं पडते आणि कापड हातात धरल्यासारखं वाटतं. आता टेबलाच्या वर पलीकडं लाईट धरायचा आणि स्टँडचा पाय फ्रेममध्ये येऊ द्यायचा नाही, म्हणजे बूम लागणारच, त्याला दुसरा इलाज नाही.

पहिला स्टँड ऑनलाईन मागवला. फोटो छान, उंची भरपूर, "कपॅसिटी 5 किलो" लिहिलेलं. माझा एलईडी लाईट दीड किलोच्या वर आणि सॉफ्टबॉक्स (लाईट मऊ करायला त्याच्यापुढं लावायचा कापडी डबा) धरून सगळं मिळून अडीच किलो, म्हणलं निम्म्यावरच आहे की. दोन दिवस नीट चाललं. तिसऱ्या दिवशी डबल बेडची चादर पसरून भाचा चुण्या काढत होता आणि मी कॅमेऱ्यात बघत होतो, मला वाटलं फ्रेमच हलतीय, पण हलत होता तो लाईट, आवाज न करता हळूहळू खाली येत होता. दांडा जिथं स्टँडला धरलेला असतो तो जॉइंट सरकत होता. मी ओरडेपर्यंत सॉफ्टबॉक्स चादरीवर आला, भाच्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, आणि पाठोपाठ अख्खा स्टँड आडवा. रॉडच्या टोकानं चादरीचे धागे ओढले गेले, ती चादर मी विकत घेतली. पण त्या दिवशी भाचा हातभर अलीकडं असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणूनच कुणी बूम विचारला की मी जरा जास्तच बोलतो.

ते 5 किलो सरळ उभ्या दांड्यावरचे होते. आडव्या दांड्याच्या टोकाला किती चालतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि खरा प्रश्न तोच आहे.

हे मला नीट कळलं ते ज्यांची चादर होती त्या अण्णांमुळं. त्यांना मी जे झालं ते सांगितलं तर ते मला कारखान्यात मागावर घेऊन गेले. जुन्या पॉवरलूमला मागं बीम म्हणजे रूळ असतो, ताण्याचं (उभ्या धाग्यांचं) सूत गुंडाळलेला, त्याला ताण द्यायला साखळी असते, साखळी लिव्हरला आणि लिव्हरवर लोखंडी वजन. अण्णांनी वजन लिव्हरवर चार बोटं बाहेर सरकवलं आणि म्हणले, हात लावून बघ सूत. सूत तारेसारखं झालेलं. वजन तेच, फक्त जागा बदलली. "तुझा लाईट टोकाला गेला बे, म्हणून जड झाला," एवढंच बोलले.

घरी येऊन हिशेब केला. लाईट अडीच किलो, जॉइंटपासून 120 सेंटिमीटर पुढं. गुणाकार 300. मागं दांडा 50 सेंटिमीटर उरतो, म्हणजे तिथं 6 किलो वजन पाहिजे तेव्हा बरोबरी होते. माझ्याकडं मागं काय होतं तर स्टँडबरोबर आलेली रिकामी पिशवी, तिच्यात मी किलो दीड किलो वाळू भरलेली. बाकीचा सगळा भार जॉइंट आवळायचा तो एक प्लॅस्टिकचा नॉब पेलत होता! आणि अजून एक गोष्ट जी फार जण विसरतात, मागचं वजनसुद्धा त्याच उभ्या दांड्यावर येतं. अडीच पुढं, सहा मागं, वर दांड्याचं स्वतःचं, म्हणजे दहा किलोच्या आसपास झालं. त्यामुळं दांडा मजबूत आणि खाली काडीसारखे पाय असलं काही घेऊ नका.

मग दुसरा घेताना ऑनलाईनच्या नादाला लागलोच नाही, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो आणि लाईट, सॉफ्टबॉक्स बरोबर घेऊन गेलो. दुकानदाराला म्हणलं मला हा माझा लाईट लावून पूर्ण लांब करून बघायचाय. जॉइंटवर पेनानं एक रेघ मारली, अर्धी फिरत्या भागावर आणि अर्धी स्थिर भागावर, आणि पंधरा मिनिटं तसाच सोडून चहा पिऊन आलो. एका स्टँडची रेघ तुटलेली दिसली, थोडीच पण तुटलेली. तो बाद. जॉइंटमध्ये दोन प्रकार असतात, एकात दातावर दात बसतात, तो सरकत नाही पण मधली जागा मिळत नाही, दुसऱ्यात नुसत्या घासणाऱ्या चकत्या असतात, पाहिजे तिथं थांबवता येतो पण चकत्या मोठ्या आणि धातूच्याच पाहिजेत. नॉब पूर्ण सोडून आटे बघा, आटे बारीक आणि उथळ असतील तर सहा महिन्यांत जातात.

सी-स्टँड घ्यावा का असं पण विचारतात. चांगलाच आहे, स्टीलचा, जड, त्याचा 40 इंची आर्म (आडवा दांडा) आणि ग्रिप हेड (आर्म पकडणारा जॉइंट) अनेक वर्षं टिकतात. पण तो आर्म हलक्या वजनासाठी, छोटा फ्लॅश किंवा रिफ्लेक्टर. मी तो शेंगा चटणीच्या पाकिटांच्या शूटला वापरतो आणि तिथं त्याला तोड नाही. वापरताना एवढं पाळायचं की आपण स्टँडच्या मागं उभं राहून लाईटकडं बघतोय तर ग्रिप हेडचा नॉब आपल्या उजव्या हाताला पाहिजे, मग लाईट खाली झुकायला लागला तर नॉब आपोआप आवळत जातो. डाव्या हाताला ठेवला तर तोच भार नॉब सैल करत जातो. आणि तिन्ही पायांतला सगळ्यात उंच पाय लाईटच्या दिशेला.

मोठ्या चादरीसाठी मी कॉम्बी प्रकारचा घेतला, वरचा भाग सरळ ठेवला तर साधा स्टँड आणि वाकवला की बूम. पाय रुंद पसरतात आणि लाईट बसवायची पिन 16 मिलिमीटरची आहे, बहुतेक स्टुडिओ लाईट त्याच्यावरच बसतात. ज्यांच्याकडं फक्त कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आणि छत्री आहे त्यांनी एवढा खर्च करू नये, अर्धा किलोच्या फ्लॅशला साधा बूम पुरतो, फक्त खाली वजन टाका. भिंतीला लावायचा बूम पण मिळतो, जागा वाचते, पण माझी खोली जुन्या बांधकामाची, भिंतीत स्क्रू फिरवला की नुसती माती गळते, त्यामुळं तो विचार सोडला.

खोली मोजा हे तर सांगायलाच पाहिजे. माझी खोली दहा बाय चौदा. दांडा पुढं चार फूट जातो तसा मागं पण दीड-दोन फूट येतो, लाईट खाली घेतला की मागचं टोक वर जातं, आणि वर पंखा आहे. मे महिन्यात सोलापुरात 43 च्या पुढं पारा असताना दोन शॉटच्या मधे पंखा लावावाच लागतो, कुणीतरी बटण दाबतं आणि दांडा पात्याच्या वाटेत. मागच्या टोकाला मी लाल कापड बांधलंय, डोक्याला लागू नये म्हणून पण आणि पंख्याखाली आलं की लगेच दिसावं म्हणून पण.

मागचं वजन अण्णांनीच दिलं, भंगारात काढलेल्या मागाची दोन लोखंडी वजनं, तीन-तीन किलोची. ती लोंबकळत ठेवायची नाहीत, झुलली की दांडा पण झुलतो, म्हणून मी पट्ट्यानं घट्ट आवळलीत. पायाला टाकायच्या सँडबॅग गल्लीतल्या युनिफॉर्म शिवणाऱ्या मावशींकडून जाड कॅनव्हासच्या शिवून घेतल्या, दुहेरी शिलाई, आत बारीक चाळलेली वाळू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग कॅनव्हासमध्ये, नाहीतर वाळू कापडावर गळते. बॅग पायावर लटकली पाहिजे, फरशीला टेकली तर तिचं वजन फरशीच पेलते, स्टँडला काय उपयोग. आणि लाईटला एक बारीक साखळी लावून ती दांड्यात अडकवलेली असते, पिन सुटली तरी लाईट तिथंच लटकेल.

भाचा आता चुण्या काढायला वाकायच्या आधी स्वतःच जॉइंटवरची रेघ बघतो, मी सांगावं लागत नाही. उद्या टॉवेलचे चाळीस रंग काढायचेत, स्टँड आत्ताच लावून ठेवलाय, पंख्याच्या खाली पूर्ण हातभर जागा सोडून.